बदली शिक्षिकेला वर्ग सोपवताना

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळांत रिकाम्या जागांवर तात्पुरते नेमलेले जे अतिथी शिक्षक, त्यांचे मानधन, निवडीसाठीची त्यांची गुणपत्रके म्हणजे स्कोअर कार्डे आणि भोपाळमधली त्यांची धरणी यांविषयीच्या बातम्या आपल्या दैनिकात वेळोवेळी येतात आणि त्या यायलाच हव्यात. सप्टेंबर २०२३ मध्ये मानधन दुप्पट करण्याची घोषणा होईपर्यंत वर्ग तीनचा, म्हणजे प्राथमिक शाळेतला, अतिथी शिक्षक महिना ५,००० रुपयांवर काम करीत होता; ते १०,००० झाले तरी इंदुरात खोलीचे भाडे आणि जाण्यायेण्याचे पेट्रोल वजा जाता त्यातून काय उरते, हे कोणालाही कळेल. तथापि मानधनाच्या चर्चेत एक गोष्ट नेहमी मागे पडते आणि तीच मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. दुसऱ्याच्या जागी शिकवायला आलेल्या नव्या माणसाच्या हाती आपल्या शाळा लहान मुलांचा वर्ग काहीही न सांगता सोपवतात, आणि पुढे तो वर्ग आवरला नाही की दोष त्याच्याच माथी मारतात.

मी इंदूरच्या एका खासगी शाळेच्या प्राथमिक विभागातून निवृत्त झाले. नोकरीच्या उत्तरार्धात तिथले अरेंजमेंट रजिस्टर माझ्याकडे होते. ज्यांचा शाळेशी संबंध फी भरण्यापुरताच येतो त्यांच्यासाठी सांगते, की सकाळच्या प्रार्थनेआधी कोण आलेले नाही ते पाहायचे, त्यांचे पिरियड ज्यांना त्या वेळी तास नाही अशा शिक्षिकांमध्ये वाटून द्यायचे आणि त्यांच्या सह्या घ्यायच्या, असे ते काम असते. स्टाफ रूममध्ये याहून अप्रिय काम दुसरे नाही, कारण आपला एकुलता एक मोकळा तास गेल्याचा राग सही करताना कोणालाच लपवता येत नाही. एखाददुसऱ्या दिवसाची गैरहजेरी अशी निभावून जाते. रजा लांबली की मात्र बाहेरून कोणाला तरी आणावे लागते, आणि प्राथमिक विभागात बहुतेक शिक्षक स्त्रियाच असल्यामुळे ही लांब रजा बहुधा बाळंतपणाची असते. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवड्यांची झाली, आणि ते योग्यच झाले. पण शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिले आहेत. त्यांतला निम्म्याहून अधिक भाग या २६ आठवड्यांत सहज जाऊ शकतो. याचा अर्थ, लीव्ह व्हेकन्सीवर, म्हणजे रजेमुळे रिकाम्या झालेल्या जागेवर, आलेल्या ज्या बाईंना आपण तात्पुरत्या म्हणतो, त्याच पुष्कळदा त्या वर्षापुरत्या त्या मुलांच्या खऱ्या शिक्षिका असतात.

सुदामानगर, वैशालीनगर, टिळकनगर या भागांतल्या आपल्या मराठी घरांतून नव्याने शिकवायला निघणाऱ्या कितीतरी मुली, आणि मुले हाताशी आल्यावर पुन्हा घराबाहेर पडणाऱ्या कितीतरी स्त्रिया, शाळेत शिरतात त्या याच दाराने. त्यांनी पात्रतेची बाब आधी नीट समजून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता राहिलेली नाही; डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका, लागते. काही खासगी शाळा अडचणीच्या वेळी याकडे काणाडोळा करतात. परंतु अशा शाळेत घालवलेला काळ पुढे सरकारी अर्जात उपयोगी पडेल, या भरवशावर कोणी राहू नये.

आता पहिल्या दिवसाकडे येते. नवी बाई ऑफिसात येते, तिच्या हाती हजेरीपट, खडूंचा डबा आणि एखादे पाठ्यपुस्तक दिले जाते, आणि शिपाई तिला ‘तिसरी ब’च्या दारापर्यंत नेऊन सोडतो. मूळ शिक्षिकेचे लेसन प्लॅन तिच्या कपाटात असतात आणि कपाटाची किल्ली तिच्या पर्समधून घरी गेलेली असते. वर्गात चाळीस जोडी डोळे नव्या बाईंना जोखत असतात. “हमारी मॅम तो लास्ट पिरियड में रोज खेलने देती हैं,” असे पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगणार आणि उरलेले एकसुरात माना डोलावणार. मुलांचा त्यात काही दोष नाही. नवा माणूस पारखून घेण्याचा त्यांचा तो हक्कच आहे, असे मला वाटते. प्रश्न असा, की खरे काय ते त्या बाईंना सांगणार कोण?

वजाबाकीचे उदाहरण घेते, कारण दुसरी-तिसरीत बदली शिक्षिकेची सर्वांत मोठी अडचण तिथे होते. ५२ मधून २७ वजा करायचे असतील तर आजची पुस्तके पाच दशकांपैकी एक दशक सुटा करायला सांगतात. दोनाचे बारा होतात, वर चार दशक उरतात. आमच्या पिढीने घोटलेली रीत वेगळी होती. वर दोनाचे बारा करायचे आणि त्याची भरपाई म्हणून खालच्या दोनाचे तीन करायचे. उत्तर दोन्ही रीतींनी पंचवीसच येते आणि दोन्ही रीती गणिताच्या दृष्टीने निर्दोष आहेत. पण मूळ शिक्षिकेने काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधून, त्या सोडून, मुलांच्या डोळ्यांसमोर दशक सुटा होताना दाखवलेला असतो. आणि ते अजून पुरते मुरलेले नसताना दुसरी बाई येऊन फळ्यावर खालच्या आकड्यात एक मिळवू लागते. जी मुले हुशार म्हणून ओळखली जातात ती दोन्ही रीती एकत्र करतात, वरचा दशक कमीही करतात आणि खालचा वाढवतातही, आणि उत्तर पंधरा आणतात. मधल्या मुलांना काहीच कळत नाही आणि ती शेजारच्याच्या कॉपीत, म्हणजे वहीत, पाहतात. घरी आजोबा तिसऱ्यांदा समजावतात ते वेगळेच. परत आल्यावर मूळ शिक्षिका हताश होते आणि म्हणते, “त्या बाईंनी माझा वर्ग बिघडवला.” त्या बाईंना ‘या वर्गात दशक सुटा करून वजाबाकी चालू आहे’ एवढे एक वाक्य कोणी सांगितले असते तर यातले काहीच घडले नसते. वाचनाचेही तसेच आहे. वर्गातली कोणती मुले अजून अक्षरे जुळवत आहेत, कोणती शब्द वाचतात आणि कोणती धडा सलग वाचतात, हे मूळ शिक्षिकेला तोंडपाठ असते. बदली शिक्षिका मात्र पहिल्या बाकापासून एकेकाला उभे करून वाचायला लावते आणि ज्याला येत नाही ते मूल सगळ्यांदेखत खाली मान घालते. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने २०२१ पासून तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता येण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, त्याच्या तक्त्यांनी शाळांच्या भिंती भरल्या आहेत. परंतु शिक्षिका बदलली की त्या तक्त्यांतली माहिती नव्या हातात कशी जाईल, याची तजवीज मी तरी कुठे पाहिलेली नाही.

शिकवण्यातल्या चुका निदान पुढे दुरुस्त होतात. मुलांच्या जिवाशी संबंधित गोष्टींचे तसे नसते. एखाद्या मुलाला दमा असतो आणि त्याचा पंप दप्तराच्या मागच्या कप्प्यात असतो. एखादीला फिट येते, आणि तशा वेळी तिला कुशीवर वळवून आसपासच्या वस्तू दूर करायच्या असतात, तोंडात काहीही घालायचे नसते, हे वर्गात उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला माहीत असावे लागते. एखाद्याला शेंगदाणा चालत नाही. आपल्या इंदुरात तर पोह्यांपासून साबुदाण्याच्या खिचडीपर्यंत शेंगदाणा नाही असा डबा सापडणे कठीण. शाळा सुटतानाची घाई याहून धोक्याची असते. कोणते मूल कोणत्या व्हॅनने जाते, कोणाला आजी न्यायला येते, कोणत्या घरात आई-वडील वेगळे राहतात आणि मुलाला फक्त आईच्याच हाती द्यायचे असे लिहून दिलेले आहे, हे दारात उभ्या असलेल्या नव्या बाईंना ठाऊक नसते. “मी त्याचा काका,” असे म्हणत कोणी पुढे आले तर त्यांनी काय करावे?

माझी सूचना साधी आहे आणि तिला पैसा लागत नाही. प्रत्येक वर्गाचा एक सोपवणीचा कागद असावा. तो मूळ शिक्षिकेने सत्राच्या सुरुवातीला लिहावा, दर महिन्याला त्यात फेरफार करावा आणि तो तिच्या कपाटात न ठेवता ऑफिसात ठेवावा. बाकांवर कोण कुठे बसते, प्रत्येक विषय कुठवर आला आहे आणि कोणत्या रीतीने शिकवला जात आहे, वाचनात कोण कुठे आहे, आजारपणाच्या आणि घरी नेण्याच्या बाबतीत काय सांभाळायचे, वर्ग शांत करण्यासाठी बाई टाळी वाजवतात की हात वर करतात, आणि खरे सांगतील अशी दोन मुले कोणती, एवढे त्यात आले की पुरे. यातला खासगी भाग बदली शिक्षिकेला वाचायला देऊन परत घ्यावा. तो वर्गाच्या दारावर डकवण्याची गोष्ट नाही. याखेरीज बाळंतपणाच्या रजेची तारीख शाळेला महिनोन् महिने आधी ठाऊक असते. तेव्हा बदली शिक्षिकेला दोन-तीन दिवस आधीपासून पगारी बोलावून मूळ शिक्षिकेबरोबर वर्गात बसू द्यायला काय हरकत आहे? हा खर्च वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मांडवाच्या मानाने काहीच नाही. आमच्या मुख्याध्यापिकांनी ही कल्पना ऐकून घेतली होती, पसंतही केली होती, व्यवस्थापनाच्या बैठकीत मात्र “दोघींना एकाच वर्गाचा पगार कशासाठी?” या प्रश्नापाशी ती थांबली.

परदेशाचे दाखले देण्याची मला फारशी हौस नाही, पण एक द्यावासा वाटतो. माझी भाची कॅलिफोर्नियात प्राथमिक शाळांमधून बदली शिक्षिका म्हणून काम करते. तिथे त्यासाठी पदवी लागते, बोटांचे ठसे देऊन पूर्वचरित्राची तपासणी होते, आणि तिच्याकडे असलेल्या साध्या परवान्यावर एका शिक्षकाच्या जागी सर्वसाधारणपणे ३० दिवसांहून अधिक काळ शिकवता येत नाही. सकाळी काम मिळाल्याचा निरोप येतो आणि ती कधीही न पाहिलेल्या शाळेत जाऊन उभी राहते. तरीही बहुतेक ठिकाणी टेबलावर दिवसभराच्या कामाचा आराखडा तिची वाट पाहत असतो. तिथेही तो कधीकधी नसतो आणि मग तिची तारांबळ उडते. पण न ठेवणे ही चूक समजली जाते. आपल्याकडे अजून तेवढेही झालेले नाही.

शाळा सुधारेपर्यंत नव्या शिक्षिकांनी हातावर हात ठेवून बसावे असे मी म्हणणार नाही. कागद मिळाला नाही तर शेजारच्या वर्गातल्या बाईंना मधल्या सुट्टीत गाठावे. चांगल्या मुलांच्या कॉप्या मागवून मागची दहा पाने चाळावीत, त्यांतून मूळ बाईंची रीत आणि गती दोन्ही कळतात. मुलांनी सांगितलेल्या ‘नियमां’वर “मी मॅमना विचारून सांगते,” एवढेच म्हणावे आणि खरोखर विचारावे. पहिल्या दिवशी बसण्याच्या जागा बदलू नयेत. नावे शक्य तितक्या लवकर पाठ करावीत. “ए निळ्या पिशवीवाल्या,” अशी हाक मारणाऱ्या बाईंचे म्हणणे मूल कशाला ऐकेल? आपल्या पिशवीत एक-दोन गोष्टींची पुस्तके, कोरे कागद, रंगीत खडू आणि पाठ असलेली चार बडबडगीते असावीत, कारण पहिली-दुसरीच्या मुलांना आठवा पिरियड कोणत्याही विषयाने पेलवत नाही. आवाज चढवून वर्ग ताब्यात येत नाही आणि हात उगारण्याचा तर प्रश्नच नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे, आणि “इथे थोडी चापट चालते,” असे शाळेतल्याच कोणी सांगितले तरी तक्रार झाल्यावर ती व्यक्ती आपल्या बाजूने उभी राहत नाही. निघताना मूळ शिक्षिकेसाठी काय शिकवले, काय राहिले आणि कोण रडले, हे चार ओळींत लिहून ठेवावे. नेमणूक लेखी घ्यावी. त्यात मुदत, पगार रोजाचा की महिन्याचा आणि दिवाळीच्या सुट्टीचे काय, हे लिहिलेले असावे. दिवाळीच्या आदल्या दिवशी मुक्त करून सुट्टीनंतर नव्याने नेमण्याची युक्ती या शहरात अपरिचित नाही. शेवटच्या दिवशी अनुभवाचा दाखला मागायला संकोच करू नये.

सरकारी शाळांमधली स्थिती वेगळी आणि जास्त बिकट आहे. इंदूर जिल्ह्यातल्या सांवेर-देपालपूरकडच्या गावात नेमणूक झालेल्या अतिथी शिक्षकापुढे पुष्कळदा दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत असतात, मुले घरी मालवी बोलतात, आणि नियमित शिक्षक मतदार यादीच्या कामाला किंवा संकुलावरच्या बैठकीला गेला की शाळेची किल्ली, माध्यान्ह भोजनाची नोंद आणि मुले असे सगळेच त्याच्या एकट्याच्या अंगावर येते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ नुसार शिक्षकांची रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नयेत. ती तशी राहिली असती तर अतिथी शिक्षक हा प्रकार मुळात काही महिन्यांची सोय म्हणूनच उरला असता. पण या राज्याने शिक्षाकर्मी पाहिले, १९९७ साली सुरू झालेल्या शिक्षण हमी योजनेचे गुरुजी पाहिले, संविदा शिक्षक पाहिले, आणि आता अतिथी शिक्षक पाहत आहे. प्रत्येक वेळी तात्पुरती म्हणून आलेली सोय वर्षानुवर्षे टिकली. हा वाद मोठा आहे आणि तो या पत्रात सुटणारा नाही. माझे म्हणणे इतकेच, की माणूस सहा महिन्यांसाठी असो वा सहा वर्षांसाठी, पोर्टलवरून त्याला शाळा देताना त्या शाळेतल्या मुलांविषयी चार गोष्टी सांगण्याची जबाबदारी जनशिक्षकाने, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या शिक्षकाने, घ्यायला हवी. ज्या शहरात शालिनीताई मोघे यांनी बालनिकेतन संघाच्या रूपाने बालशिक्षणाचे काम उभे केले, त्या शहराच्या जिल्ह्यात एवढी अपेक्षा जास्त होऊ नये.

पालकांविषयीही लिहिले पाहिजे. वर्गाला नव्या बाई आल्या की दुसऱ्या दिवशी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर “नवीन मॅडमना काही येत नाही,” असा निकाल लागतो. यात आपले मराठी पालक कुठे मागे नसतात. मुलाच्या आजाराची, चष्म्याची किंवा घरातल्या अडचणीची एक चिठ्ठी नव्या बाईंच्या नावाने डायरीत पाठवणारे पालक त्या मानाने फार थोडे. शाळा सोपवणीचा कागद तयार करो वा न करो, आपल्या मुलापुरता तो पालकांना आजच लिहिता येतो.

हे सर्व आत्ताच लिहिण्याचे एक निकडीचे कारण आहे. २०२७ च्या जनगणनेत प्रत्यक्ष लोकसंख्या मोजण्याचा टप्पा त्या वर्षीच्या फेब्रुवारीत आहे. जनगणना हे काम शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नेच शिक्षकांना देता येण्याजोगे ठरवले आहे, त्यामुळे शिक्षक मोठ्या संख्येने वर्गाबाहेर जाणार हे उघड आहे आणि त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीच्या बोर्ड पॅटर्नच्या परीक्षा नेमक्या फेब्रुवारी-मार्चमध्येच येतात. उजळणीच्या त्या दिवसांत हे वर्ग अतिथी आणि बदली शिक्षकांच्याच हाती असतील. म्हणून जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांनी आणि खासगी शाळांच्या व्यवस्थापनांनी दिवाळीच्या सुट्टीआधीच प्रत्येक वर्गाचा सोपवणीचा कागद लिहवून घ्यावा, निदान पाचवीच्या वर्गांपासून सुरुवात करावी, आणि तो कोणाच्या हाती व कधी द्यायचा हे मुख्याध्यापकांनी नावानिशी ठरवून ठेवावे, अशी माझी विनंती आपल्या दैनिकामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
सुदामानगर, इंदूर